आधी पायथा, मग माथा : पाटण ते शिराळा, चार दिवस

दिवस पहिला : सातारा ते कोयनानगर

सकाळी साडेसातला सातारा सोडलं. गाडी भाची चालवत होती. ती पुण्यात स्थापत्य शाखेत एम.टेक. करते आणि गेले सहा महिने फोनवर मला एकच विचारत होती, "मामा, भूकंपानंतर छोट्या धरणांकडे बघायला नक्की कोण जातं?" याचं उत्तर फोनवर देता येईना. लघुपाटबंधाऱ्यांच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी पाटण आणि शिराळा या दोन तालुक्यांत. म्हटलं, चल, दाखवतोच.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. उंब्रजला महामार्ग सोडला आणि मल्हारपेठच्या रस्त्याला लागलो. उसाच्या ट्रॉल्यांमागून पाटणला पोचेपर्यंत दहा वाजले. पाटणच्या पुढे ऊस विरळ होतो आणि भाताची खाचरं सुरू होतात. कापणी उरकली होती, खळ्यांवर झोडणी चालली होती. छोटे तलाव बघायला हेच दिवस बरे. पावसाळा संपलेला, तलाव काठोकाठ भरलेले, आणि भरावावर पाण्याचा भार पुरेपूर असतो.

माझं आजोळ याच तालुक्यात, मोरणेच्या खोऱ्यात. ११ डिसेंबर १९६७ ला मी सहा वर्षांचा होतो. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं झाली होती हे मला पुढे पुस्तकातून कळलं. माझ्या लक्षात आहे तो आईने दंडाला धरून ओढल्याचा हिसका, आणि तोंडात गेलेला धुरळा. घराची मागची भिंत बसली. तो सगळा हिवाळा वाडी शेतातल्या मांडवात निजली. कोयनानगर तर उभंच राहिलं नाही. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. तोवर दख्खनच्या या पठाराला फारसा भूकंप होत नाही असं मोठमोठी माणसं सांगत होती.

दुपारी कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून धरण पाहिलं. भाचीने पुस्तकात शंभरदा पाहिलेलं धरण, पण प्रत्यक्ष पहिल्यांदाच. १०३ मीटर उंच, ८०० मीटरहून लांब, पोटात १०५ टीएमसी पाणी. भूकंपात त्याला भेगा गेल्या त्या वरच्या अंगाला, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीला. मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते भाग पुढे जाडजूड करण्यात आले. ते तिला बोटाने दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, याला सगळं मिळालं. यंत्रं, अभियंते, पैसा, अभ्यास."

खरं आहे, आणि ते मिळायलाच हवं होतं. १९६७ च्या त्या पहाटे धरणातल्याच यंत्राने जमिनीचा हादरा नोंदवला होता, आणि जगभरचे अभियंते आजही ती नोंद वापरतात. माझ्या मनात घोळत होते ते वाड्यांच्या डोक्यावरचे गावतलाव आणि पाझर तलाव. तीच जमीन त्यांनाही हलवते.

मुक्काम ओळखीच्यांच्या घरी होता.

दिवस दुसरा : मोरणा खोरं

रात्री पावणेतीनच्या सुमाराला आधी आवाज आला. दूरवर दगडांचा टेम्पो रिकामा करावा तसा गडगडाट, आणि पाठोपाठ फळीवरच्या स्टीलच्या पेल्यांची किणकिण. खाट एकदा हलली. भाची ताडकन उठून बसली. शेजारच्या खोलीतून घरच्या आजींचा आवाज आला, "झोप गं बाळा, गेला तो." दोन मिनिटांत त्या घोरूही लागल्या.

इथल्या माणसांना हे नवं नाही. कोयनेत १९६१-६२ च्या सुमाराला पाणी साठू लागलं तेव्हापासून धरणाच्या दक्षिणेच्या टापूत धक्के चालूच आहेत. पाचच्या वरचेच वीसहून अधिक झाले. बारीकसारीक तर हजारोंनी. सवय झाली की माणूस घाबरायचं सोडतो, हे चांगलंच. पण त्याबरोबर उठून बघायचंही सोडतो, आणि माझी काळजी तिथे सुरू होते.

रात्रीचा धक्का लहान होता. एवढ्याने भरावाला काही होत नाही. तरी म्हटलं, निमित्त मिळालंय तर आजच जाऊ. सकाळी पाटणला येऊन मोरणेच्या खोऱ्यात वळलो. तलावाचं नाव लिहीत नाही. मातीचा भराव, उंची नऊ मीटरच्या आसपास, एका अंगाला जादा पाणी वाहून जायचा दगडी सांडवा, मधोमध पाणी सोडायची विहीर आणि भरावाखालून गेलेला नळ. तालुक्यात असे कितीतरी आहेत. चौकीदार नाही, यंत्र नाही. भरावाच्या पायथ्याला ज्यांचं वावर आहे ते तात्या आम्हाला बघून खाली आले.

"हादरा बसला तवा म्या आदी गुरं सोडली," ते म्हणाले. "मग बॅटरी घिऊन वर बांधावर जाऊन आलो. काय न्हाय. समदं हाय तसंच हाय."

रात्री तीन वाजता बॅटरी घेऊन भरावावर जाणारा माणूस! त्यांना मी हात जोडले. मग म्हटलं, "तात्या, पुढच्या वेळी वर जाऊ नका. आधी खाली जा. पायथ्याला."

भाचीही वरच निघाली होती. सगळे वरच जातात. माथ्यावर चालता येतं, तिथून पाणी दिसतं, हवा लागते. पण भराव आतून दुखावला असेल तर तो पहिल्यांदा बोलतो पायथ्याशी. दगडी पायथ्यातून जे पाणी झिरपतं ते कमी-जास्त झालं का, आणि त्यात माती आहे का, या दोन गोष्टींवर बहुतेक निदान होतं. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. ते नितळ असेल तर घाबरायचं कारण नाही. गढूळ झालं, तर भरावाची माती पाण्याबरोबर निघाली आहे आणि आत नळी पडते आहे असं समजायचं.

पायथ्याला घाणेरीची इतकी झुडपं माजली होती की जमीन दिसेना. तात्यांनी कोयता आणला. तासभर तिघांनी साफ केलं. तेव्हा कुठे निचऱ्याची चारी सापडली आणि पाण्याचा आवाज आला. चारीच्या तोंडाशी एक पत्रा बसवला म्हणजे सगळं पाणी एका धारेत पडेल, आणि खाली तात्यांची पंधरा लिटरची बादली ठेवली. भाचीने मोबाइलवर सेकंद मोजले. सत्तावीस. पुन्हा सत्तावीस. तिसऱ्यांदा अठ्ठावीस. मग काचेची बाटली भरून वहीच्या कोऱ्या पानापुढे धरली. अक्षरं आरपार वाचता आली. बाटली तासभर दगडावर ठेवून दिली. तळाला काही बसलं नाही.

"मग बरंच हाय की," तात्या म्हणाले.

आज बरं आहे. पण काल किती होतं? परवा? भूकंपाआधीची नोंद हाताशी नसेल तर भूकंपानंतरचं सत्तावीस ऐकून काय कळणार? भाचीने वहीचं पान आखून तात्यांच्या हातात दिलं. तारीख, सेकंद, पाणी नितळ की गढूळ, तलावातलं पाणी सांडव्यापासून किती खाली. चार रकाने. दर रविवारी एकदा, आणि धक्का बसला की लगेच, मग दुसऱ्या दिवशी, मग पुढे पंधरवडाभर एक दिवसाआड. भराव दुखावला तरी पाण्याला वाट काढायला दिवस लागतात. पहिल्या दिवशी सगळं ठाकठीक दिसतं आणि माणसं निर्धास्त होतात.

मग वर गेलो. आधी माथ्याच्या एका टोकाला बसून डोळा जमिनीला टेकवला आणि कडेची रेघ पाहिली. मध्येच कुठे खचलं असेल तर असं बसल्यावरच दिसतं, उभ्याने नाही. पाण्याकडच्या अंगाला दगडाचं पिचिंग आहे. त्यातले दगड सरकलेत का, पोट सुटलंय का, ते पाहिलं. माथ्यावर भेगा होत्या, आणि भाचीचा चेहरा उतरला. त्या वाळलेल्या मातीच्या भेगा होत्या. जाळीसारख्या, वाकड्यातिकड्या, वीतभर खोल. भूकंपाची भेग निराळी असते. भरावाच्या लांबीला धरून ती सरळ जाते, किंवा आडवी, पाण्याकडून पायथ्याकडे. लांबीची भेग म्हणजे कुशी, भरावाची उतरती बाजू, खाली सरकू बघतेय. आडवी भेग त्याहून वाईट, कारण पाण्याला पलीकडे जायचा तो तयार रस्ता. ती सापडायची शक्यता जास्त कुठे, तर जिथे माती दगडाला टेकते तिथे. सांडव्याच्या भिंतीलगत, डोंगराच्या कुशीत, नळाच्या अंगाने. हादऱ्यात माती एका तऱ्हेने हलते आणि दगड दुसऱ्या, मग दोघांमध्ये फट पडते.

भेग सापडली तर तिच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकायच्या. मधल्या भागात दोन्ही काठांवर एकेक खुंटी ठोकून अंतर टेपने मोजून लिहून ठेवायचं. भेगेत चुन्याचं पांढरं पाणी ओतायचं आणि बाजूने खणायचं. पांढरी रेघ जिथवर गेली तिथवर भेग. हे होईपर्यंत वर प्लास्टिकचा कागद टाकायचा, पावसाचं पाणी आत जाता कामा नये. आणि हौसेने सिमेंट ओतायचं नाही. सिमेंट कडक, माती लवचिक, पुढच्या हादऱ्यात दोघांची फारकत होते. भेग उकरून तीच चिकणमाती बेताची ओली करून थराथराने धुम्मस करत भरायची. हे सगळं तात्यांना सांगताना ते मान डोलवत होते. मग म्हणाले, "आमी घराची पांढरीची भित अशीच लिंपतो साहेब." इतकी वर्षं मी हे शिकवलं, कुणी इतक्या चटकन ओळखलं नव्हतं.

विहिरीतला पाणी सोडायचा दरवाजा वर उचलून बघू म्हटलं तर चाक फिरेना. गंजलेलं. डिझेल ओतून ठेवलं. वाईट वाटलं. धोका दिसला की पाणी उतरवायचं असतं, आणि उतरवायची वाट हीच.

दिवस तिसरा : ढेबेवाडी, कराड

आजचा दिवस रस्त्यात आणि बोलण्यात गेला. ढेबेवाडीच्या बाजूने वांगेच्या खोऱ्यातून खाली कराडला आलो. वाटेत दोन तलाव लांबूनच पाहिले, दोन्हींच्या भरावावर मनगटाएवढ्या बाभळी. झाड वठलं की मुळं कुजतात आणि पाण्याला नळ्या मिळतात.

कराडजवळ हजारमाचीला भूकंपाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या टापूत जमिनीत खोल भोकं पाडून तिथे खडक तपासला. रासाटीला काळ्या कातळाचा थर ९३३ मीटर जाड निघाला आणि त्याखाली ग्रॅनाइट. गोठणे गावाजवळचं भोक तर तीन किलोमीटर खोल. भाची त्यावर भरभरून बोलत होती. मी ऐकत होतो, आणि डोक्यात त्या न फिरणाऱ्या चाकाचा विचार चालू होता.

संध्याकाळी प्रीतिसंगमावर बसलो. तिने विचारलं, "धक्का किती मोठा असला की जायचं? रोजच हलतंय इथे."

धरणवाल्यांत जगभर एक ढोबळ आडाखा चालतो. २५ किलोमीटरच्या आत चार रिश्टरचा, ५० च्या आत पाचाचा, ८० च्या आत सहाचा, १२५ च्या आत सातचा, की त्या धरणाची पाहणी करायचीच. गावात एवढा हिशोब कोण करणार? मी गावकऱ्यांना सांगत असे, फळीवरची भांडी खाली पडली किंवा भिंतीचे पोपडे निघाले, की तलावावर जा. कुणाच्या फोनची वाट बघू नका.

"आणि कायदा?"

धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. भूकंपानंतर पाहणी करा असं त्यात लिहिलंच आहे. पण तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना लागू, आणि १० ते १५ मधल्या काहींना, लांबी-साठ्याच्या अटी बसल्या तर. तात्यांचा नऊ मीटरचा तलाव त्यात बसत नाही. नऊ मीटर म्हणजे दोन मजली घराहून उंच, आणि खाली चाळीस उंबऱ्यांची वाडी.

तिला जपानचं फुजिनुमा सांगितलं. शेतीसाठीचं मातीचं धरण, १९४९ साली पुरं झालेलं, साडेअठरा मीटर उंच. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर अर्धा तासही झाला नाही तोवर ते फुटलं. आठ माणसं गेली. सगळ्या जगाचं लक्ष समुद्राच्या लाटेकडे होतं. आणि आपल्याकडे कच्छ. २६ जानेवारी २००१ ला तिथली कितीतरी मातीची धरणं भेगाळली, खचली, पायथ्याची ओली वाळू पातळ होऊन कुशी घसरल्या. त्या वर्षी दुष्काळ होता, तलावांत पाणी फार नव्हतं, म्हणून खालची गावं वाचली. हे मी तिला दोनदा सांगितलं. दुष्काळाने वाचवलं.

दिवस चौथा : शिराळा

कराड सोडून उंडाळ्यावरून शेडगेवाडीला आलो आणि चरण-आरळ्याच्या बाजूला वळलो. पुढे चांदोलीला वारणेचं धरण. तिथे १९८५ पासून पाणी साठू लागलं आणि १९९३-९४ च्या हिवाळ्यात त्या बाजूला पाचच्या आसपासचे धक्के बसले. तेव्हा मी याच तालुक्यात नोकरीला होतो.

भाचीला इथे आणायचं होतं ते एका तलावासाठी.

त्या हिवाळ्यात धक्क्याच्या दुसऱ्या दिवशी मी जीपने इथे आलो होतो. दिवसभरात सहा तलाव करायचे होते. माथ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो, भेग दिसली नाही, वहीत लिहिलं, 'भराव सुस्थितीत'. पायथ्याला उतरलो नाही. तिथे गुडघाभर गवत होतं आणि मला पुढच्या तलावावर जायचं होतं.

अकराव्या दिवशी गवत कापायला गेलेल्या एका बाईने गावात येऊन सांगितलं, बांधाच्या बुडातून चहासारखं पाणी येतंय. मी पोचलो तोवर गावातल्या पोरांनी मातीची शंभरेक पोती तिथे रचली होती. जीव तोडून काम केलं होतं त्यांनी. पण पाणी कोंडलं की ते दुसरी वाट काढतं. चार हातांवर नवा झरा फुटला होता, आणि त्याच्याभोवती बारीक वाळूची, मुंग्यांच्या वारुळासारखी कडी चढत होती. मी ती कडी पाहिली आणि माझे पाय गळाले.

बरोबर एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी ओरडून सगळी पोती काढायला लावली. ओढ्यातली जाड वाळू आणवली आणि झऱ्यावर वीतभर थर दिला, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, सगळ्यात वर दगड. पाणी अडवायचं नाही, माती अडवायची, एवढंच ते सारखं म्हणत होते. दोन तासांत पाणी नितळ पडू लागलं. मग सांडव्याला चर मारून तलाव चार दिवसांत पाच फूट उतरवला. एकदम उतरवला असता तर भिजलेली आतली कुशीच पाण्यात घसरली असती. त्या पाच फुटांत गावचा शाळू आणि हरभरा गेला. लोक माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचं काही चुकलं नाही. मी आदल्या आठवड्यात पायथ्याला उतरलो असतो तर कदाचित फूटभर पाण्यात भागलं असतं.

भाची ऐकत ऐकत पायथ्याला उतरली. तो दगडांचा थर अजून आहे. त्यावर गवत आलंय. तिने दगडांमध्ये हात घातला आणि ओंजळीत आलेलं पाणी उन्हाकडे धरून बघितलं.

सरपंचांनी चहाला बोलावलं. त्यांना दोन गोष्टी विचारल्या. तलाव फुटणार असं कळलं तर रात्री लोकांना उठवणार कसे, आणि नेणार कुठे? मोबाइलला रेंज धड नाही. देवळाचा भोंगा आहे, पण लाइट गेली की तो बंद. खालच्या वस्तीचा नेहमीचा रस्ता ओढ्याच्या काठाने जातो, म्हणजे नेमका पाण्याच्या वाटेने. घाटाखाली तिवरेला २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटलं तेव्हा पळायला वेळच मिळाला नाही. भूकंप नव्हता तो, पाऊस होता. पण गळतीची तक्रार लोकांनी आधीच केली होती. सरपंच उठून बाहेर आले आणि वस्तीमागच्या टेकाडाकडे बघत राहिले. "त्या माळावरनं जुनी गाडीवाट हाय," ते म्हणाले. "निवडुंग माजलंय. चार गड्यांचं दोन दिवसांचं काम." भोंग्याला बॅटरी बसवायचंही ते बोलले. भाचीने ते लिहून घेतलं आणि सरपंचांचा नंबर घेतला. मी गेलो तरी ती विचारत राहील.

अंधार पडता पडता शिराळ्यात आलो. जेवायला बसलो तेवढ्यात फोन वाजला. तात्या होते. नातवाकडून लावून घेतला होता.

"सायेब, आज रविवार न्हाई, पर म्या बगितलं. सव्वीस आलं."

माझा घास हातात राहिला. "पाणी कसंय?"

"निवळ हाय. बाटली ठिवलीया. पत्रा जरा हाललावता, त्यो नीट बशीवला, मग मोजलं तर सत्तावीस. दोनी लिवून ठिवल्यात." मागून नातवाचा आवाज आला. मग तात्या म्हणाले, "आन त्ये चाक फिरतंय आता. अर्धा येढा."